दुसऱ्या भागाबद्दलचं मत

क्वीन्सटाउनला आमच्याच मजल्यावर एक नॉर्वेजियन बाई लेकीकडे राहतात. आधी एका बंदरगावात ग्रंथपाल, मग एका वाङ्मयीन त्रैमासिकाच्या संपादक, आणि समीक्षा कायमचीच. इथल्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक मी काढते हे कळल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "आलेल्यातलं परत किती पाठवलंस?" काहीच नाही म्हटल्यावर त्यांना माझी काळजी वाटली असावी.

मागे त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्याच सुमारास त्रैमासिकाकडून निरोप आला. तिकडचे एक कादंबरीकार वारले होते, मृत्युलेख बाईंनीच लिहावा. हे गृहस्थ एकेकाळी त्यांचे जवळचे मित्र. त्यांच्या शेवटच्या कादंबरीचं परीक्षण करताना बाईंनी लिहिलं होतं की पहिला भाग खरा आहे, दुसरा वाचकांना खूश करायला लिहिलाय. त्यानंतर मित्राने बोलणं टाकलं, ते टाकलंच.

"मग आता काय लिहिणार?" मी विचारलं.

"आधी पुन्हा वाचायला हवं. तेव्हा मी चुकले असेन, तर तसं छापून सांगायला हवं."

त्यांना वाचायला मनाई होती. म्हणून शनिवारी सकाळी खालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांवर गर्दी व्हायच्या आत, मी ती कादंबरी इंग्रजीतून मोठ्याने वाचायला लागले. बोटीवर गेलेल्या भावाची वाट पाहणाऱ्या बहिणीची गोष्ट. मध्येच बाई चमचा टेबलावर आपटायच्या, "हे परत वाच."

नवरा वैतागला. "गेलेल्या माणसाबद्दल चार बरे शब्द लिहायचे आणि मोकळं व्हायचं. म्हातारीची परीक्षा कसली घेतेस?"

"मी कुठे घेतेय? त्याच घेतायत."

दुसऱ्या भागात भाऊ परत येतो. मला आवडला तो भाग. तसं सांगितलं.

"बरं वाटलं, की पटलं?"

मी जरा विचार केला. "बरं वाटलं. पटायचं म्हणाल, तर इतक्या वर्षांनी आलेला माणूस पहिल्याच रात्री असा हसत जेवायला बसणार नाही. आणि बहीण त्याला बसू देणार नाही."

बाईंनी पुस्तक माझ्याकडून घेऊन मिटलं. मग म्हणाल्या, "मला वाटलं होतं, तू मला खोटं पाडशील. फार बरं झालं असतं."

लेख त्यांनी लेकीला सांगून लिहून घेतला. परीक्षणात पहिल्या भागाला एक ओळ दिली होती. आता जवळजवळ सगळा लेख त्याच्यावरच होता. शेवटाकडे एक वाक्य होतं: दुसऱ्या भागाबद्दलचं माझं मत बदललेलं नाही.

त्रैमासिकाच्या आताच्या संपादकाचं उत्तर आलं. लेख उत्तम, तेवढं वाक्य काढू या, घरच्यांना लागेल.

"काढा ना," मी म्हटलं. "एका वाक्याने काय होतं?"

"ते काढलं तर बाकीच्या कौतुकावर कोण विश्वास ठेवेल? त्याने तर मुळीच ठेवला नसता."

वाक्य राहणार नसेल तर लेख परत द्या, असं त्यांनी कळवलं. लेख जसाच्या तसा छापून आला. घरच्यांकडून काही आलं नाही.

त्रैमासिकाचा अंक पोचला तेव्हा मी त्यांच्याकडेच होते. वाक्य जागेवर आहे ना, एवढं त्यांनी पाहिलं. मग लेखाबरोबर छापलेला मित्राचा फोटो डोळ्यांजवळ धरून बसल्या. बराच वेळ. मी उठून चहा टाकला.