आहुपेच्या पेटीतली कमी काडतुसं

त्या टेम्पो ड्रायव्हरची केस माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

मेलेली माणसं उठून चालू लागली, त्या साथीचा तो तिसरा महिना. मंचरला कांद्याच्या एका शेडमध्ये लष्कराचा दारूगोळा उतरायचा आणि तिथून टेम्पोने डोंगरातल्या चौक्यांना जायचा. साठा माझ्या ताब्यात होता, चोरी-तुटीची चौकशीही माझ्याकडेच. झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या जमा केल्याशिवाय नवी पेटी द्यायची नाही, असा नियम होता.

आहुपेच्या चौकीवरून वायरलेसवर तक्रार आली. दोन खेपांपासून पेटीत वीस-वीस काडतुसं कमी. आदल्या दिवशी उठलेल्यांचा घोळका आला, तेव्हा जवानांना दार लावून आत बसावं लागलं होतं.

त्याच दुपारी एका मेंढपाळाने खबर दिली. "सायेब, तुमचा टेम्पो घाटात थांबतो. डायवर पोतं घिऊन खाली उतरतो. लई येळ लावतो."

ड्रायव्हर कळंबचा, पूर्वी कांदा वाहणारा. तासभर विचारपूस केली, पण हाती काही लागलं नाही. चोराची नजर दाराकडे जाते. हा घड्याळाकडे पाहत होता.

इतक्यात हवालदार म्हणाला, "साहेब, आहुपेच्या पुंगळ्या मात्र पुऱ्या जमा आहेत, कमी भरलेल्या वीस-वीससुद्धा."

चौकीवर न पोहोचलेली काडतुसं झाडली कुणी? आणि विकलेल्या मालाच्या पुंगळ्या कोण परत आणतो?

मी त्याच्यापुढे चहा ठेवला. "घाटाखाली कोण आहे?"

त्याचा बांध फुटला. "वाडीत चौदा माणसं हायेत, साहेब. एक बाळंतीण हाय. हलवलेल्या गावांच्या तुमच्या यादीत वाडी रिकामी दाखवलीया. एका म्हाताऱ्या फौजीकडं रायफल हाय, तेवढ्यावर तगलीत. पेटीचं सील मीच तोडलं. आज चारला जायचं व्हतं."

आम्ही लगेच निघालो. टेम्पो तोच चालवत होता. वाटेत मी विचारलं, "आधी कुणाला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं व्हतं. दोनदा," तो रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला. "तुमालाच."

वाडीतल्या शाळेच्या गच्चीवर चौदाही जण जिवंत सापडले. फौजीकडे दोन काडतुसं उरली होती.

सील तोडल्याचा त्याचा जबाब मी नोंदवला, आणि वाडी यादीत आम्हीच चुकून रिकामी दाखवल्याचंही त्यात लिहिलं. नोकरीत मी अनेकांकडून खरं वदवून घेतलं. हा माणूस न विचारता खरं सांगायला आला, तेव्हा मी रजिस्टरमधून मानही वर केली नव्हती.