फुटली

पानशेत फुटून पुण्यात पाणी शिरलं, त्या पावसाळ्यापासून आमच्या कुशाबाची झोप उडाली. आमचं गाव मुळशी धरणाच्या खाली, मुळा नदीच्या काठाला. धरणाच्या पाण्यावर मुंबई उजळायची आणि आम्ही रॉकेलच्या चिमणीपुढे जेवायचो. तरी मुंबईची वीज गेली की घाम कुशाबाला फुटायचा.

त्याचा हिशोब सरळ होता. "तितलं इजेचं यंत्र थांबलं की पानी तळ्यातच ऱ्हातं. तळं तुंबलं की भिंतीवर जोर. भिंत फुटली की आपुन गेलो."

मास्तरांनी एकदा सांगितलं, मुंबईला अणूची भट्टी आली आहे, पुढेमागे वीज तिच्यातून निघेल. कुशाबा म्हणाला, "आन ती फुटली तर? तितं टेकाडावर कोन बसतंय?" मास्तर हसले. मला काही हसू आलं नाही.

आमच्या टेकाडावर तो स्वतः बसायचा, इरलं पांघरून, नदीवर डोळा ठेवून. गावाला त्याने पढवलं होतं. आरोळी एकच, 'फुटली!' लांबडं बोललं तर पुरात ऐकू येत नाही. आरोळी आली की हातातलं टाकून वर खिंडीत पळायचं आणि काही झालं तरी माघारी फिरायचं नाही. आम्ही त्याची टवाळी करायचो. पण मनातून टरकलेले होतो, म्हणून ऐकायचोही.

पुढच्या श्रावणात एसटीच्या कंडक्टरने बातमी आणली, की मुंबईत वीज गेली होती. झालं, कुशाबा जेवणखाण सोडून टेकाडावर गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी खालून त्याच्या बायकोची, धोंडाबाईची किंकाळी आली, "फुटली गं, फुटली!"

घर नदीला लागून. हिनेच पाणी आधी पाहिलं, असं त्याला वाटलं. त्याने आरोळी उचलली आणि सगळं गाव धावत सुटलं.

फुटली होती पाणमोट. त्याची सून रंभाबाई पहिलटकरीण, दिवस भरायला अवकाश होता. धोंडाबाई ओढ्यापलीकडच्या गोजराबाई सुईणीला हाक मारत होती. गोजराबाईने ऐकली ती कुशाबाची आरोळी, आणि तीही पळाली.

खिंडीत तिने माणसं न्याहाळली आणि ती चरकली. "कुशाबा, धोंडा न्हाई, रंभी न्हाई. आरं, पानमोट तर फुटली नसंल? जाऊ दे मला खाली."

कुशाबा तिला आडवा आला. आत जीव तुटत असणारच, पण बोलला एवढंच, "माघारी फिरायचं न्हाई. माज्या घरासाठी बी न्हाई."

आम्ही नदीकडे बघत बसलो. नदी होती तेवढीच वाहत राहिली. उन्हं वर आली तेव्हा गोजराबाई त्याला ढकलून खाली धावली.

पोर आडवं आलं होतं. एकट्या धोंडाबाईला ते जमलं नाही. रंभाबाई कशीबशी वाचली. पोराला कुशाबानेच मातीत ठेवलं.

संध्याकाळी पंच आले. त्यांना वाटलं, धीर द्यावा. म्हणाले, "कुशाबा, गाव कसं झटक्यात वर गेलं, बघितलंस न्हवं? तुजी तयारी लई पक्की."

मला त्यांचं तोंड दाबावंसं वाटलं. आतल्या खोलीतून रंभाबाईचा आवाज आला, बारीक, पण सगळ्यांनी ऐकला.

"मामंजी, भिंत हाय का हो जाग्यावर?"

कुशाबाने मान खाली घातली. "हाय, पोरी," तो म्हणाला.