भिंतीवरचा पेला

नर्सिंग शिकायला सोलापूरला निघाले, त्या दिवशी तेरच्या एसटी थांब्यावर दोघीजणी आल्या होत्या. आई डोळ्याला पदर लावून उभी होती. शेजारच्या घरातली काकू, म्हणजे आईची जाऊ, लिंबाखाली माझ्याकडे पाठ करून. मी म्हटलं, "काकू, येते." ती वळली नाही. उलट कंडक्टरला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ह्या गाडीत माझं कुणी न्हाय." मला राग असा आला, की खिडकीतून मी हातही केला नाही.

गावात राहिलेल्या आणि माझ्यासारख्या उठून गेलेल्या सगळ्यांना सरकारी नर्स सुशीलाबाईंनी वाटलेलं दूध आठवत असेल. निजाम जाऊन फार दिवस झाले नव्हते. पोटुशा बायका आणि लहान पोरांसाठी सरकारनं भुकटीचं दूध धाडलं होतं. दुपार कलली की बाई चावडीपुढं ते पातेल्यात कालवायच्या आणि यादीतलं नाव पुकारून ज्याच्या त्याच्या पेल्यात ओतायच्या. शेवटी एक भरलेला पेला चावडीच्या भिंतीवर ठेवायच्या. तो काकूच्या मेलेल्या पोरीचा. त्याला कुणी हात लावत नसे. दिवेलागणीला बघावं तर पेला धुऊन पालथा घातलेला! मेलेल्या पोरीला पेला धुवायला कुणी शिकवलं असेल, या विचारानं मला जास्तच भीती वाटे. ती भिंत मी डोळे मिटून ओलांडायची.

तिन्हीसांजेला काकू मला मागच्या दारी बोलवायची आणि वाटीत गूळ घातलेलं कोमट दूध द्यायची. मी पीत असताना ती पाठ करून उभी राहायची. मला वाटे, तिची रीतच तशी.

सोलापूरला निघाले त्या दिवशी एसटीत धाराशिवपर्यंत सुशीलाबाई माझ्याबरोबर होत्या. माझे फुगलेले गाल बघून म्हणाल्या, "रागावू नकोस. तुझी आई ती आहे."

काकूची तीन लेकरं पाचवी पुजायच्या आतच गेली होती. सटवाई कपाळावर लिहायला येते आणि हिची लेकरं उचलूनच नेते, असं बायका म्हणत. चौथ्या खेपेला बाई बाळंतिणीला बघायला गेल्या, तर काकू शांतपणे म्हणाली, "गेली. लिहा बाई, गेली म्हणून." देवीला फसवायचं तर सरकारी कागदही खोटा हवा, अर्धवट फसवून कसं भागेल! बाई लिहिणार, तोच भिंतीपलीकडं जावेच्या घरात पोर रडलं आणि काकूची चोळी दुधानं भिजली. जावेचं नाव पोटुशांच्या यादीत कधीच नव्हतं. काकूनं नुसते हात जोडले. बाईंनी 'मयत' लिहिलं.

मला अंगावर घेतलं तर खरी आई उघड होईल, म्हणून काकूनं तेही केलं नाही. मी शेळीच्या दुधावर वाढले, आणि पुढं बाईंच्या त्या पेल्यावर. म्हणजे ज्या पोरीला मी भीत होते, ती मीच. बसमध्ये मी माझाच हात धरून पाहिला. गार लागला.

पुढं पुण्याचं हॉस्पिटल, वॉर्ड, ड्यूटी, क्वार्टर. बाळंतिणींना मी लस, टॉनिक सगळं पटवून देते, सटवाईला हसतेसुद्धा. पण सुट्टीत गावी गेले की काकू दारातूनच विचारायची, "कुणाची गं तू?"

"कुणाची न्हाय, काकू."

तिचा चेहरा निवायचा. मला एकदा तरी तिला आई म्हणायचं होतं. जीभ रेटली नाही. कुणी ऐकलं असतं तर?

ती शेवटची अंथरुणावर पडली तेव्हा तिला दिसत नव्हतं. हात चाचपत म्हणाली, "कोण आलंय?"

"कुणी न्हाय, काकू."

"बरं झालं," ती म्हणाली. माझा हात मात्र तिनं शेवटपर्यंत सोडला नाही.

परवा ताप आला म्हणून क्वार्टरमध्ये पडून होते. शेजारीण दारातून माझं नाव घेऊन मोठमोठ्यानं हाका मारत होती. मी ओ दिली नाही, पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं. गावात काकू सगळ्यांना सांगत होती, की मी नाहीच. तोवर मला घर होतं. आता मी आहे, हे सटवाईला कुणीही सांगेल.