खळ्यावरचा शब्द

"बोल, मी कुत्रा हाय."

कारभाऱ्यानं बाच्या पाठीवर आसूड ओढला आणि हे म्हणाला. शेठच्या खळ्यावर, आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. बाचा गुन्हा एवढाच की माझ्या धाकट्या बहिणीला ताप होता, म्हणून तो भाताच्या झोडणीला उशिरा आला. पाठ फाटून रक्त लंगोटीपर्यंत उतरलं होतं. बा पेंढ्यात गुडघ्यांवर बसला होता.

"बोल."

"मी कुत्रा हाय," बा म्हणाला.

"मोठ्यान्. शेठच्या ओटीपर्यंत गेलं पायजे."

बा मोठ्यानं म्हणाला. ओटीवर शेठ हसला आणि त्यानं चहा मागवला. मी तेव्हा आईच्या मागे उभी होते, तिचं लुगडं मुठीत धरून.

आम्ही वारली. पालघरच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी आमचा पाडा. जमीन शेठची, झोपडी शेठच्या जागेत, आणि आमचे हातपायही आपलेच असं शेठ धरून चालायचा. पण खळं आमच्यात कणसरीचं, धान्याच्या देवीचं. खळ्यावर कुणी वहाण घालून चढत नाही. कुशब्द बोलत नाही. बोललं तर कणसरी रुसते, रास भरत नाही. आई उफणताना सुपातल्या दाण्यांशी बोलायची. "ये बाय, उठ. तू मोठी हायस. तुला कुनाची भीती?" पोटच्या पोरींशीही ती कधी इतकं गोड बोलली नाही.

त्या खळ्यावर कारभारी जोड्यांनिशी चढला आणि त्यानं बाच्या तोंडातून कुत्रा काढला. मला वाटलं, आता कणसरी जाणार. पण रास भरली. शेठचं कोठार भरलं. रुसायला तिला आम्हीच सापडलो.

मार बाला बसला, शब्द माझ्यात शिरला. मडकं फुटलं की मी मनात म्हणायचे, कुत्री. ठेच लागली, कुत्री. बा ताडी प्यायला की स्वतःच्या थोबाडीत मारायचा. फाडफाड. आम्हाला मारायला आता दुसऱ्या कुणाची गरजच उरली नव्हती.

मी मोठी झाले. एकोणीसशे पासष्टच्या आसपास तारापूरला समुद्राकाठी वीज बनवायचं मोठं काम निघालं. पाड्यातल्या बायांबरोबर मीही खडी वाहायला गेले. मुकादम परमुलखातला, हिंदीशिवाय त्याला काही येत नव्हतं. एकदा माझं घमेलं कलंडलं. त्यानं कमरेत लाथ घातली. मी खडीत तोंडावर पडले, ओठ फाटला, आणि आतून आवाज आला, कुत्री, तुला हेच पायजे.

मुकादमाला आमची बोली येत नव्हती. शेठ तिथं नव्हता, कारभारी नव्हता. मग हे बोललं कोण? मीच. त्यांचं काम मी फुकटात करत होते. मुकादमाचा आला नाही इतका राग मला माझ्याच जिभेचा आला.

रक्त थुंकले. घमेलं परत भरलं. डोक्यावर घेताना आईचे शब्द आपसूक तोंडात आले. "ये बाय, उठ. तू मोठी हायस. तुला कुनाची भीती?" दाण्यांशी बोलायचं ते स्वतःशी बोलायची लाज वाटली. शेजारची बाई म्हणाली, "याड लागलं का गं तुला?" लागू दे. मी रोज बोलत राहिले. आधी खोटं वाटायचं. पण बोलता बोलता मान वर राहायला लागली, आणि जगायचं कशासाठी ते मला कळलं. बाच्या तोंडात तो शब्द पुन्हा जाऊ द्यायचा नाही. पाड्यातल्या एकाही पोरीच्या कानावर तो पडू द्यायचा नाही.

पावसाळ्यानंतर झोडणीला घरी आले. बा थकला होता, त्याचे हात कापायचे. त्याच्या हातून भारा सुटला आणि दाणे खळ्याबाहेर सांडले. कारभारी जोड्यांनिशी वर चढला.

"बोल रे. इसरलास काय?"

बानं गुडघे टेकले. तोंड उघडलं. मी मध्ये गेले.

"खळ्यावर कुशब्द बोलत नाय आमी. जोडे काढ आदी."

आसूड माझ्या तोंडावर बसला. डावा डोळा त्याच फटक्यात गेला.

"मंग तू बोल. मी कुत्री हाय."

"मी मानूस हाय."

पुन्हा आसूड. दात तुटला. "मी मानूस हाय." तो मारत होता आणि मी तेच बोलत होते. मागून बा रडत म्हणाला, "बोल ना बाय. एक शब्द तं हाय. झोपडी जाईल आपली."

बाचा इतका राग मला कधी आला नव्हता. इतकी कीवही कधी आली नव्हती.

पुढचा फटका मी हातात धरला. आसूड मनगटाला गुंडाळून ओढला. कारभारी राशीवर तोंडघशी पडला. मी त्याच्या पाठीवर गुडघा रोवला आणि कमरेचा विळा काढून मानेवर टेकवला. कातडी फाटली, त्याचं रक्त भातात उतरलं. मला बरं वाटलं. खोटं का सांगू?

"जोडे काढ."

त्यानं काढले. अनवाणी पळाला.

दिवस मावळायच्या आत शेठच्या माणसांनी आमची झोपडी जाळली. आम्ही अंगावरच्या चिंध्यांनिशी दुसऱ्या पाड्यावर गेलो. शेठला काही झालं नाही. बा मरेपर्यंत मला दोष देत राहिला. एक शब्द तं होता, म्हणायचा.

तो एकच शब्द होता, म्हणूनच मी दिला नाही.

आता मी एका डोळ्यानं जगते. सकाळी विळ्याला धार लावताना स्वतःशी बोलते, ये बाय, उठ. पाड्यातल्या पोरींना बोलता यायला लागलं की आधी हेच शिकवते. माझ्या तोंडून माझ्यासाठी कुशब्द निघणार नाही. ज्याला तो काढायचा असेल त्यानं यावं. जोडे बाहेर काढून यावं. विळ्याला धार आहे.