पालखीचा खांदा

एर्लिंदा थकली होती. आजकालची नव्हे, चांगली तीस वर्षांची थकली होती. आन्तिग्वा शहरातल्या सार्वजनिक हौदावर लोकांचे कपडे धुवायचे, ओल्या चादरींची टोपली डोक्यावर घेऊन घरोघर पोचवायची, आणि त्यातच पाच बाळंतपणं. पाचव्या खेपेला तर बाराव्या दिवशी बाई हौदावर हजर! "बस गं जरा," म्हणणार कोण होतं?

आता बावन्नाव्या वर्षी शिंक आली की लघवी निसटायची. संध्याकाळपर्यंत खाली जड जड व्हायचं आणि अंग बाहेर आल्यासारखं वाटायचं. वाटायचं कसलं, येतच होतं. पण हे ना नवऱ्याला सांगितलं, ना सुनेला. आत जाड फडकं ठेवायचं आणि गप कामाला लागायचं.

शेवटी ती आरोग्य केंद्रातल्या ओडिलिया नर्सकडे गेली, ती एकाच धास्तीनं. गुड फ्रायडेला चर्चमधल्या दुःखी मातेच्या मूर्तीची पालखी बायकाच उचलतात आणि बावीस वर्षांत एर्लिंदाचा खांदा एकदाही चुकला नव्हता. धाकटी पोर तापातून वाचली, तेव्हा बोललेला नवस होता तो. भर रस्त्यात, पालखीखाली, अंग बाहेर आलं तर?

नर्सनं तपासलं. म्हणाली, "लघवी अडवताना जे स्नायू आवळतो ना आपण, ते आत-वर ओढायचे. पाच मोजायचे, मग सोडायचे. दहा वेळा, दिवसातून तीनदा."

एर्लिंदानं हाही नवसच धरला. सकाळी जे आवळलं ते झोपेपर्यंत. चादर पिळताना आवळ, चढ चढताना आवळ, मक्याच्या भाकऱ्या थापताना आवळ. तीन आठवड्यांत दुखणं दुप्पट झालं आणि कंबरेचा पार भुगा.

"अगं, पण सोडत होतीस का मधे?" नर्सनं विचारलं.

"सोडायचं कशाला? सोडलं की पडतंय ना सगळं!"

"सोडणं हा अर्धा व्यायाम आहे, बाई. धरून धरून ते स्नायूही थकतात. आणि दुपारी पायाखाली उशी घेऊन जरा आडवी होत जा."

"दुपारी? आडवी?" एर्लिंदाला हसूच आलं. "मी मरायला टेकले समजून सून पाद्रीबाबांना बोलावून आणेल!"

नर्स हसली नाही. "यंदा पालखी उचलायची नाही. ओझं उचललंस तर केलेलं सगळं पाण्यात."

पालखीसाठी खांद्यांच्या उंचीची मापं घ्यायच्या दिवशी चर्चच्या अंगणात बायकांची रांग लागली. पालखी मंडळाच्या तेओदोराबाई मोजपट्टी घेऊन उभ्याच होत्या.

"चल, ताठ उभी राहा. अशी पिळून टाकल्यासारखी काय दिसतेस?"

"माप नको, तेओदोराबाई. माझी जागा दुसरीला द्या."

"बावीस वर्षांनी? आणि कारण काय लिहू?"

गुडघा दुखतो असं सांगायचं, हे एर्लिंदा घरूनच ठरवून आली होती. पण खोटं बोलायलाही अंगात जोर लागतो, आणि तो तिच्यात उरला नव्हता.

"अंग बाहेर येतंय माझं," ती म्हणाली. आवाज नको तितका मोठा निघाला. "नर्सनं ओझं बंद केलंय. व्यायाम दिलाय."

तेओदोराबाईंची पेन्सिल वहीवरच थांबली. एर्लिंदाचे डोळे भरून आले. नवसही गेला आणि अब्रूही गेली, असं तिला झालं. ती जायला वळली.

"ए, थांब की," रांगेतली पाववाली रेमेडियोस खाली बघतच म्हणाली. "ती नर्स कुठल्या वारी असते गं?"

"मंगळवारी. सकाळी."

"मोठ्यानं सांग, बाई!" रांगेच्या टोकाकडून कुणीतरी ओरडलं. "इथं मागं काही ऐकू येत नाही!"