राणीसाहेबांचा विलाप

औषधांच्या कारखान्यात बाटल्यांना झाकणं बसवणाऱ्या या बाईंना सगळी गल्ली राणीसाहेब म्हणायची, आणि त्यात थट्टा थोडी, मान जास्त होता. हौशी मंडळींच्या जुन्या शोकनाटकात त्या राणी व्हायच्या. मुकुटापायी थोरला मुलगा धाकट्याचा जीव घेतो आणि राणी प्रेतापाशी विलाप करते. तो विलाप ऐकायला मिळावा म्हणून लोक आधीचे सगळे अंक मुकाट्याने सोसत. बाकीच्या नटांचा जळफळाट व्हायचा, पण करतात काय!

त्यांच्या भाचीने त्याच नाटकावर आजच्या काळातला गुन्हेगारी सिनेमा काढायला घेतला. राजवाड्याचं झालं ट्रकचं गॅरेज, मुकुटाची झाली धंद्याची मालकी, तलवारीचं पिस्तूल. आईचं काम मावशीलाच. राणीसाहेब हरखून गेल्या. मग भाची चाचरत म्हणाली, "मावशी, विलाप काढून टाकलाय. आजची आई इतकं लांबलचक बोलेल का गं?"

"म्हणजे जेवायला बोलावलंस आणि ताटच उचललंस की!"

राणीसाहेबांनी अबोला धरला. स्वतःचं म्हणावं असं त्यांनी आयुष्यात तेवढंच कमावलं होतं. ते गेलं, की उरणार होती नुसती झाकणं. तरी शूटिंगला त्या वेळेवर आल्या. रुसून काम बुडवणारे नट त्यांच्या डोक्यात जायचे.

गॅरेजमध्ये धाकट्याचं प्रेत आणून ठेवत थोरल्याने सांगितलं, "आई, धाकटा गेला." राणीसाहेब सवयीने पुढे आल्या, हनुवटी उचलली आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा हंबरडा फोडला. आवाज टिपणाऱ्या माणसाने कानांवरचे हेडफोन ओढून काढले.

"मावशी, शेवटची रांग आता तुझ्या नाकासमोर आहे," भाची म्हणाली.

पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. मुलाचं प्रेत मागे पडलेलं आणि आई तोंड कॅमेऱ्याकडे करून उभी! प्रेक्षकांना पाठ दाखवायची नाही, हे त्यांच्या अंगात मुरलं होतं. निर्माता भाचीच्या कानाशी लागला, "दुसरी बाई बघू या." कुजबूज त्याला जमत नव्हती. राणीसाहेबांनी ते ऐकलं.

"अजून एकदा घे," त्या म्हणाल्या. "आणि मध्ये बोलू नकोस."

या वेळी बातमी ऐकली आणि त्या वळल्या. कॅमेऱ्याकडे चक्क पाठ करून प्रेताशेजारी बसल्या. मुलाच्या गालावरचं ग्रीस अंगठ्याने पुसलं. मग ना हुंदका, ना शब्द. खांदे तेवढे हळूहळू खाली येत गेले. असं काम जन्मात एखाद्या वेळीच बघायला मिळतं. हातात पाना घेऊन मजा बघायला आलेला मेकॅनिकही खाली मान घालून उभा राहिला.

भाचीला 'कट' म्हणवेना. कितीतरी वेळाने म्हणाली, तेही डोळे पुसत.

"उशीर केलास," राणीसाहेब उठता उठता म्हणाल्या.

"जीभच उचलेना गं. चुकलं का?"

"छे, बरं केलंस. मनातल्या मनात सगळा विलाप म्हटला मी. लवकर थांबवलं असतंस, तर शेवटची ओळ राहिली असती."