दोन वर्ग आणि खडूची नदी

"आत्ताच काही सांगता येणार नाही." काहीही विचारा, बाई आधी हेच म्हणत. चहात साखर पुरेशी आहे का विचारलं, तरी पेनाचं टोपण चावत एवढंच. त्या पुण्याच्या विद्यापीठातून आमच्या सिल्वासातल्या शाळेत आल्या होत्या. व्हिडिओ गेम खेळून मुलं अपूर्णांक शिकतात का, यावर त्यांची पीएचडी चालू होती. खेळून गणित येत असेल, तर आम्ही मास्तरांनी इतकी वर्षं घसा कशाला कोरडा केला, हे मला कळेना. तुम्हाला तरी कळलं असतं का?

पाचवी 'अ'ला टॅबलेट मिळाले, 'ब'ला नाहीत. गेममध्ये नदीवर अर्ध्या, पाव अशा फळ्या टाकून अख्खा पूल करायचा. शेवटी दोन्ही वर्गांची परीक्षा, आणि त्यातला फरक पाहायचा. त्या फरकावरच बाईंची पदवी अडली होती. 'ब'ला काही सांगायचं नाही, अशी शपथ त्यांनी 'अ'ला घ्यायला लावली.

परीक्षा झाली आणि दोन्ही वर्ग सारखेच हुशार निघाले. बाई पेपर उलटेसुलटे करत बसल्या. मीही चक्रावलो.

मधल्या सुट्टीत मैदानावर उलगडा झाला. पोरांनी खडूने नदी आखली होती, फळ्यांच्या जागी चौकोन, आणि 'अ', 'ब' सगळी मिळून उड्या मारत होती. सांगितलं कुणीच काही नव्हतं, परीक्षेच्या कितीतरी आधीपासून नुसतं खेळायला घेतलं होतं.

बाईंनीही चपला काढल्या. पाव, पाव अशा दोन उड्या मारून त्या थेट काठावर गेल्या. 'ब'मधली एक मुलगी अर्ध्या गुजरातीत म्हणाली, "मॅडम, तुम्ही आउट. पाव नि पाव अर्धोच थयो ने."

बाई इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. ते पाणी नुसतं हसण्याचं होतं का, कोण जाणे. माझा मात्र जीव तुटला.

'ब'चे पेपर गहाळ झाले म्हणा, दुसऱ्या शाळेच्या पाचवीचे जोडा, कोण बघायला येतंय, असं मी सुचवलं. त्यांनी ऐकलं नाही, घडलं तसं लिहून पाठवलं. पुण्याहून त्यांच्या सरांचा निरोप आला, हे सगळं बाद, दुसरीकडे पहिल्यापासून सुरू करा.

वापी स्टेशनच्या रिक्षात त्यांना बसवताना मी शहाणपणा केला. म्हटलं, या वेळी दोन वर्ग लांबलांबच्या गावांतले घ्या.

"घेईन, सर," बाई म्हणाल्या. "पण मग मुलं एकमेकांना शिकवणार कशी?"

रिक्षा गेली. मी त्यांना सल्ला चांगला दिला की वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.